डाव्या स्टिअरिंगची गाडी

अब्बा आखातातून कायमचे परत आले, आणि त्यांच्यामागून दोन महिन्यांनी त्यांची गाडी आली. ते दोन महिने अब्बा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला गोदीत जायचे आणि संध्याकाळी चेहरा पाडून परत यायचे. कधी एखादा कागद कमी असायचा, कधी साहेब जागेवर नसायचे. कस्टमची ड्यूटी किती भरावी लागणार हे कळलं त्या दिवशी अम्मी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. त्या पैशांत अब्बा पनवेलला गाळा घेऊन स्वतःचं गॅरेज टाकणार होते. निदान पत्रांतून तसं लिहीत होते.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. मूळचे आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे. नेरूळमधला दोन खोल्यांचा फ्लॅट अब्बांनी तिकडून पैसे पाठवून घेतला होता आणि त्यात मी आणि अम्मी दोघीच राहायचो. अब्बा बावीस वर्षं तिकडे एका श्रीमंत माणसाच्या खाजगी गॅरेजमध्ये मिस्त्री होते. त्या मालकाकडे सोळा-सतरा गाड्या होत्या आणि त्या सगळ्या अब्बांच्या हाताखाली होत्या. दर दोन वर्षांनी ते महिनाभर घरी यायचे, घड्याळं, साबण, कापड वाटायचे आणि जायचे. माझ्यासाठी आणलेले फ्रॉक नेहमी लहान व्हायचे, कारण त्यांच्या डोक्यात माझं माप दोन वर्षांपूर्वीचं असायचं.

गाडी सोसायटीत शिरली तेव्हा अख्खी बिल्डिंग गॅलऱ्यांत आली. जपानी बनावटीची, राखाडी, लांब आणि इतकी बसकी की शेजारच्या काकांनी विचारलं, "आत शिरायचं की आत झोपायचं?" दारं दोनच. पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले. बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर यायचे. पोरांनी अब्बांना ते बटण त्या दिवशी पन्नास वेळा तरी दाबायला लावलं असेल. स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. आणि मीटरवर दोन लाख सात हजार किलोमीटर होते.

"मालकाने जाताना बक्षीस दिली," अब्बा गॅलरीतल्या लोकांकडे बघून मोठ्याने म्हणाले. "बोलले, ही गाडी तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाय. तूच घेऊन जा."

लोक त्यांना 'दुबईवाले' म्हणायला लागले. अब्बा दुबईत कधी राहिले नव्हते, पण त्यांनी कोणाला दुरुस्त केलं नाही.

डाव्या स्टिअरिंगमुळे एक झालं. पुढे ट्रक असला की अब्बांना समोरचा रस्ता दिसायचा नाही. ओव्हरटेक करायचं तर उजव्या सीटवरच्या माणसाने बाहेर डोकावून सांगावं लागायचं. अम्मी पहिल्याच खेपेला डोळे गच्च मिटून बसली. मग ते काम माझ्याकडे आलं. "थांबा, टँकर येतोय. थांबा. हां, आता सोडा!" मी म्हणायचे, आणि अब्बा पाय दाबायचे. क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग इंजिनाच्या पोटातून बारीक शिट्टी वाजायला लागायची आणि कोणीतरी मागून दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी उसळायची. त्याला टर्बो म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. गाडी थांबवली तरी अब्बा लगेच चावी फिरवायचे नाहीत. दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचे. "धावून आलेल्या माणसाला कोणी लगेच झोपवतं काय गो? आधी दम घेऊ द्यायचा."

रविवारी सकाळी आम्ही दोघं उरणच्या रस्त्याला जायचो. दोन्ही बाजूंना मिठागरं, बंदराकडे जाणारे कंटेनर रविवारी कमी. अब्बा फारसं बोलायचे नाहीत. मीही नाही. ज्या माणसाला मी आयुष्यभरात जेमतेम दहा-अकरा महिने पाहिलं होतं, त्याच्याशी काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या सीटवर बसल्यावर मला बोलायला कारण मिळायचं, आणि मी सांगेन ते ते ऐकायचे. मी "सोडा" म्हटलं की जरासुद्धा शंका न घेता सोडायचे. इतका विश्वास माझ्यावर तोवर कोणीच टाकला नव्हता.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग खर्च सुरू झाला.

आधी टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या आतला हा रबरी पट्टा दर लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो. दुसऱ्यांदा बदलायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. चालत्या गाडीत तो तुटला असता तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच संपलं असतं. तो इथे मिळत नव्हता. मग पत्रं, फोन, कोणाच्या तरी बॅगेतून तिकडून मागवणं. पट्टा, त्याच्या पुल्या आणि पाण्याचा पंप मिळून चार हजार झाले. त्यानंतर रेडिएटर. मग टायर, कारण त्या मापाचा टायर सबंध मुंबईत एकाच माणसाकडे होता आणि ते त्यालाही माहीत होतं. खाडीच्या हवेने दारांचे खालचे कोपरे गंजायला लागले. पेट्रोल तर ती पाण्यासारखं प्यायची.

मोठं काम निघालं की अब्बा गाडी तळोज्याला न्यायचे. तिथे रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये सारसोळ्याचा एक मिस्त्री काम करायचा. पन्नाशीचा कोळी माणूस. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता ट्रककडे वळलेला. त्याने पहिल्यांदा बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

"चाचा, यात हात घालाला जागाच नाय. जपानी लोकांची बोटं बारीक असतील काय?"

"तू फक्त इंजिन उचलायची साखळी धर," अब्बा म्हणाले. "हात मी घालतो."

दोघांची गट्टी जमली. मिस्त्री काम करायचा कमी आणि बघायचा जास्त. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, तुझा बाप कारागीर हाय. पन ही गारी त्याला खानार. मी होरीचं इंजिन बगलंय, तं मासा तरी आनतं. ही काय आनते?"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

बाहेरून आणलेली गाडी नियमाप्रमाणे दोन वर्षं विकता येत नव्हती. अम्मी ती दोन वर्षं दिवस मोजत होती. मुदत संपली त्या महिन्यात वाशीचा एक बिल्डर स्वतःहून आला. सोनसाखळीवाला, पण व्यवहाराला सरळ. त्याने सांगितलेल्या किमतीत ड्यूटीचे पैसे निघून वर गाळ्याचं डिपॉझिट झालं असतं. अम्मीने चहाबरोबर काजूची बर्फी ठेवली.

अब्बा म्हणाले, "टर्बोतून थोडा निळा धूर मारतेय. तेवढं नीट करतो, मग बोलू."

"अहो, मी धुरासकट घेतो की," बिल्डर म्हणाला.

"नाही साहेब. खराब माल मी कोणाला देत नाही."

बिल्डर गेला. अम्मी भांडली नाही. फक्त म्हणाली, "बावीस वर्षं मी या माणसाची वाट बघितली. आता तो खाली पार्किंगमध्ये असतो." बर्फीची प्लेट तिने शेजारी देऊन टाकली.

पुन्हा तसं गिऱ्हाईक आलं नाही. देशात नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. चकचकीत, उजव्या स्टिअरिंगच्या, हप्त्याने मिळणाऱ्या. सव्वादोन लाख किलोमीटर झालेली दोन दारांची गाडी कोण घेणार?

बिल्डर येण्याच्या आधीच मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून बाहेरून परीक्षा दिली होती आणि तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले होते. अठराशे रुपये पगार. लोकांना वाटलं घरात गरज आहे म्हणून लागली. घर तसं अब्बांच्या ठेवीवर भागत होतं, पण ठेवीतून टर्बोचे सील आले, मग क्लच आला, आणि ठेव खाली खाली जायला लागली. मला कोणी नोकरी कर म्हटलं नाही. पगारातून दे असंही कोणी म्हटलं नाही. पगाराच्या दिवशी मी अम्मीला हजार द्यायचे आणि उरलेले अब्बांच्या कपाटात, गाडीच्या कागदांच्या खाली ठेवायचे. ते घ्यायचे. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. बरोबरीच्या मुली नोकरीच्या पैशातून साड्या घ्यायच्या. माझ्या पैशाचा रेडिएटर होता आणि रविवारी त्यात पाणी खेळताना मला अभिमान वाटायचा.

गाडी आल्याच्या चौथ्या वर्षी इंजिनाच्या दोन भागांमधलं हेड गॅस्केट गेलं. पाणी ऑइलमध्ये मिसळलं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं झालं. गॅस्केट घेऊन तिकडून अब्बांचे एक जुने जोडीदार आले. त्याच गॅरेजमध्ये रंगकाम करायचे, आता तिकडेच दुसरीकडे कामाला होते, सुट्टीवर मुरुडला घरी चालले होते. दुपारची वेळ होती. अम्मी बाजारात गेली होती. अब्बा पार्सल उघडून, लहान मुलाने खेळणं घ्यावं तसं ते गॅस्केट घेऊन खाली गेले. मी त्या पाहुण्या चाचांना सरबत दिलं.

"तुझा बाप खूश आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत. बक्षीस मिळालेली गाडी आहे, जीव आहे त्यांचा."

 चाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "बक्षीस?"

बोलावं की नाही याचा त्यांनी थोडा विचार केला असावा. मग त्यांनी सांगितलं. मालक वारला होता. त्याच्या मुलांना गॅरेज मोडायचं होतं. तिकडे इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला शेवटी मोठी रक्कम द्यावी लागते, ती त्यांना द्यायची नव्हती. मुलं म्हणाली, एकेक जुनी गाडी घ्या आणि सही करून निघून जा. नाहीतर केस करा आणि बसा. नऊ माणसांपैकी आठ जणांनी केस केली. सव्वा वर्ष खोलीत बसून काढलं, उसनं घेऊन जेवले, आणि शेवटी सगळ्यांना पैसे मिळाले. चाचांनी त्यातून मुरुडला घर बांधलं होतं.

"सगळ्यात जास्त तुझ्या बापाला मिळाले असते. बावीस वर्षं झाली होती त्याला. आम्ही हातापाया पडलो. पण तो सही करून आला आणि बोलला, मी गाडी घेतली."

अब्बा वर आले तेव्हा मी ग्लास विसळत होते. त्यांनी विचारलं, "काय बोलत होतात?" चाचा म्हणाले, "तुझ्या मुलीच्या लग्नाचं."

सात महिने मी गप्प राहिले. पैसे ठेवत राहिले, रविवारी सीटवर बसत राहिले. पण आता प्रत्येक बिल हातात घेतलं की मला मुरुडचं ते न पाहिलेलं घर दिसायचं. आमचा गाळा दिसायचा. अम्मीची तीन वर्षं न बदललेली चादर दिसायची.

त्याच सुमारास कंपनीत कॉम्प्युटर आले. साहेब म्हणाले, कोर्स करून घे, तुला डिस्पॅचच्या टेबलावर घेतो, पगार दुप्पट होईल. कोर्सची फी सहा हजार होती. मी अब्बांच्या कपाटात निम्मेच ठेवून वर्षभरात साडेपाच जमवले होते. तेवढ्यात गिअरबॉक्स बिघडला. तिसरा गिअर टाकला की दात घासल्यासारखा आवाज यायचा. अब्बांनी गिअरबॉक्स उतरवला, त्यातलं झिजलेलं पितळी कडं काढलं आणि जेवायच्या टेबलावर पेपरवर ठेवलं. मागितलं काहीच नाही. फक्त ते तिथे ठेवलं आणि तीन दिवस तिथेच राहू दिलं.

चौथ्या दिवशी मी साडेपाच हजार कपाटात ठेवले.

गिअरबॉक्स झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही उरणच्या रस्त्याला गेलो. अब्बा खुशीत होते. गुणगुणत होते. "बघ, कशी लोण्यात सुरी घालावी तशी पडते," ते तिसऱ्या गिअरबद्दल म्हणाले. पुढे कंटेनर होता. "बघ गो, मोकळं आहे काय?"

मी बाहेर बघितलंच नाही. म्हणाले, "अब्बा, बाकीच्यांना किती मिळाले?"

"कोण बाकीचे?"

"जे केस लढले ते आठ जण."

कंटेनर पुढे निघून गेला. अब्बांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबताक्षणी चावी फिरवली. इंजिन एकदम बंद झालं. मला भीती वाटली, पण बोलायचं थांबवता आलं नाही. मी सगळं बोलले. गाळा, अम्मी, माझं कॉलेज, माझा कोर्स. "बक्षीस म्हणून सांगितलंत आम्हाला. त्यांनी तुम्हाला भंगार देऊन हाकललं, आणि ते भंगार आम्ही चार वर्षं पोसतोय." हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं बोलले. शब्दाशब्दाने आठवतं.

अब्बा समोर बघत राहिले. मिठागरात बायका घमेली घेऊन चालल्या होत्या, त्यांच्याकडे ते बघत होते की काय, माहीत नाही. मग बोलले.

"केस केली असती तर किती दिवस लागले असते, मिळाले असते की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. हरलो असतो तर रिकाम्या हाताने यावं लागलं असतं. बावीस वर्षं बाहेर राहून माणूस हातात एक बॅग घेऊन जिना चढतो काय?"

त्यांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला.

"ही गाडी शोरूममधून आणायला मीच गेलो होतो. मीटरवर अकरा किलोमीटर होते. पहिली सर्व्हिस मी केली. कुठे काय वाजतं, कशाने वाजतं, मला झोपेत सांगता येतं." मग म्हणाले, "तुझं मला काहीच माहीत नव्हतं. मी यायचो तेव्हा तू दरवाजामागे लपायचीस. दर खेपेला नवीनच मुलगी. मला वाटलं, ही गाडी घेऊन जाऊ, म्हणजे माहीत असलेलं काहीतरी एक घरात असेल."

त्यांनी गाडी वळवली. नेरूळ येईपर्यंत त्यांनी एकाही वाहनाला ओव्हरटेक केलं नाही. मातीच्या एका डंपरमागे आम्ही धूळ खात आलो.

दुसऱ्या दिवशी माझे साडेपाच हजार माझ्या उशीखाली होते. खर्च झालेले पैसे त्यांनी कुठून उभे केले, मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी कपाटात ठेवलेले पैसेही परत आले. "तुझा पगार तुझ्याकडे ठेव," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते तळोज्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात ट्रक दुरुस्तीला लागले. सकाळी आम्ही एकाच बसने जायचो. ते माझ्या आधी एक स्टॉप उतरायचे.

गाडी उभी राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, हे अब्बांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. बॅटरी उतरली. उंदरांनी वायरी कुरतडल्या. पावसाळ्यात आतल्या गालिच्याला बुरशी धरली. रविवारी अब्बा खाली जाऊन एकदा फडकं मारायचे आणि वर यायचे. पुढच्या वर्षी सोसायटीने बंद गाड्या हलवायची नोटीस लावली. तोवर माझ्याकडे चांगले अकरा हजार साठले होते. कोर्स मी हट्टाने केलाच नव्हता. मी अब्बांना म्हटलं, "आपण तिला परत चालू करू या. मी देते. आपण दोघं रविवारी..."

"नको गो," ते म्हणाले. "तिचं वय झालं आता." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझंही डोळ्याचं काम निघालंय. आता वेगाने चालवणं बरोबर नाही."

गिऱ्हाईक त्यांनीच शोधलं. पुण्याचा एक माणूस होता, रेसच्या गाड्या बनवायचा. त्याला फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स हवा होता. बाकीची गाडी त्याला नको होती. तो म्हणाला, माझी माणसं येऊन कापून नेतील. अब्बा म्हणाले, "कापायचं नाही. मी काढून देतो."

शनिवार-रविवार दोन दिवस लागले. सारसोळ्याचा मिस्त्री तिपाई आणि साखळीचा चेनब्लॉक घेऊन स्वतः आला, पैसे घेतले नाहीत. शनिवारी मी रजा टाकून खाली गेले. अब्बांनी वर न बघता विचारलं, "लिहिशील काय? तुझं अक्षर चांगलं आहे." त्यांनी मला जाड पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुतळी दिली. ते एकेक पाइप, एकेक वायर सोडवायचे, फडक्याने पुसायचे आणि सांगायचे. मी लिहून बांधायचे. 'पाण्याचा पाइप, खालचा.' 'ऑइल टर्बोकडे.' 'ही वायर घट्ट खेचू नये.' 'हा बोल्ट लांब आहे, दुसऱ्या जागी लावू नये.' पुण्याच्या माणसाने असलं काही मागितलं नव्हतं. दुपारी अम्मीने जेवण खालीच पाठवलं. आम्ही तिघं बिल्डिंगच्या सावलीत बसून भाकरी आणि सुकटीचं कालवण खाल्लं. वर्षभरात पहिल्यांदा मी आणि अब्बा मिळून काही करत होतो, आणि आम्ही त्यांची गाडी सोडवत होतो.

रविवारी दुपारी इंजिन साखळीला लटकून वर आलं. मिस्त्री म्हणाला, "चाचा, अजून नवं वाटतं." अब्बांनी त्याच्यावर हात ठेवून ते झुलायचं थांबवलं आणि म्हणाले, "हळू सोड." टेम्पोत ठेवताना खाली जुनी रजई घातली. ती आमच्या घरातली होती.

उरलेली गाडी मंगळवारी भंगारवाल्याने नेली. तिला पुढून वजनच राहिलं नव्हतं, चार माणसांनी ढकलत नेली. मी कामावर होते. अम्मीने सांगितलं, अब्बा गेटपर्यंत एका हाताने स्टिअरिंग धरून चालत गेले.

त्या पैशातून त्यांनी सहा हजार पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवले. वर लिहिलं होतं, 'कोर्स.' मी कोर्स केला. डिस्पॅचच्या टेबलावर बसले. पगार दुप्पट झाला.

त्यानंतर आमच्यात भांडण नव्हतं, रुसवाही नव्हता. फक्त एकत्र करायला काही उरलं नव्हतं. बसमध्ये शेजारी बसायचो तेव्हा ते विचारायचे, "आज काम जास्त आहे काय?" मी म्हणायचे, "नेहमीचंच." मग त्यांचा स्टॉप यायचा. कितीदा तरी ठरवलं की माफी मागायची. बसमध्ये माणसं असायची, घरी अम्मी असायची, रविवारी ते मशिदीतून उशिरा यायचे. आज मी यातलं एकही कारण स्वतःला पटवू शकत नाही.

दशक संपता संपता अब्बा गेले. यार्डातच छातीत कळ आली. सारसोळ्याच्या मिस्त्रीने त्यांना ट्रकमधून हॉस्पिटलला नेलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं.

चाळिसावं झाल्यानंतर एके दिवशी अम्मी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "अम्मी, तुला एक सांगायचंय. अब्बांची ती गाडी बक्षीस नव्हती."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"गाडी यायच्या आधीपासून. ते मुरुडवाले नाहीत का, त्यांची बायको माझ्याकडे रडत आली होती. तिच्या नवऱ्याने केस केली, घरी पैसे येईनात. तिनेच सांगितलं कोणी काय घेतलं ते."

"आणि तू कधी बोलली नाहीस? इतकी चिडायचीस त्या गाडीवर, तरी?"

"खर्चावर चिडायचे. तो खाली बसून राहायचा म्हणून चिडायचे." तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "पण ते कसं बोलणार? गॅलरीत सगळ्यांसमोर किती मोठ्याने सांगितलं होतं त्याने. एवढी एकच गोष्ट सांगायला होती त्याच्याकडे." मग म्हणाली, "एकदा तुम्ही दोघं रविवारी फिरून आलात आणि तो दोन दिवस धड जेवला नाही. मी विचारलं, तर बोलला पोट बिघडलंय. मला वाटलं, बाहेर काहीतरी खाल्लं असेल तुम्ही."

मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, "आम्ही काही खाल्लं नव्हतं अम्मी. मी बोलले होते त्यांना."

 काय बोलले ते तिने विचारलं नाही. तिने सूप मांडीवरून उचललं. मग उठून तांदूळ धुवायला घेतले.